हापूस आंब्याच्या बागेतील सेंद्रिय खते

कोकणातील हापूस आंब्याच्या बागांना शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत, हिरवा पाला, पेंडी व पातेऱ्याचे (गळलेल्या वाळक्या पानांचे) आच्छादन देऊन जमिनीचा कस राखण्याची आणि त्यातून फळाची प्रत सुधारण्याची पद्धत. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बागायतदारांमध्ये ती विशेष रूढ आहे. फळाची प्रत म्हणजे केवळ गोडी नव्हे. फळाचे वजन, गराचा रंग, साका (गर आतून खराब होण्याची विकृती) नसणे आणि पिकल्यावर टिकण्याची क्षमता या सर्वांचा तीत समावेश होतो.

या पद्धतीचे महत्त्व कोकणच्या जमिनीमुळे वाढते. जांभ्यापासून बनलेली येथील माती आम्लधर्मी असून लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांनी भरलेली असते. ही संयुगे स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, त्यामुळे खतातून दिलेल्या स्फुरदाचा मोठा भाग मुळांना मिळत नाही. दुसरीकडे, चार महिन्यांत कोसळणारा सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅश) व कॅल्शियम धुऊन नेतो. कातळावर सुरुंग लावून खड्डे खोदलेल्या आणि बाहेरून आणलेल्या मातीने भरलेल्या बागांत तर मुळांच्या वाट्याला मातीच थोडी येते. अशा जमिनीत सेंद्रिय द्रव्य अन्नद्रव्ये धरून ठेवते, स्फुरद काही प्रमाणात मोकळा करते आणि पावसाळा संपल्यावर ओल टिकवते. खताचा फळावर होणारा परिणाम मुख्यतः या वाटेने घडतो. शेणखत घातले की आंबा गोड होतो, हे म्हणणे म्हणूनच अर्धवट आहे.

दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार 10 वर्षे व त्यापुढील वयाच्या झाडाला दरवर्षी सुमारे 50 किलो शेणखत आणि त्याच्या जोडीला रासायनिक खतांतून दीड किलो नत्र, तसेच स्फुरद व पालाश दिले जाते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्राचे प्रमाण साधारण अर्धा टक्का असते. म्हणजे 50 किलोंतून जेमतेम पाव किलो नत्र मिळते आणि तेही सारे एकाच हंगामात नव्हे. दीड किलो नत्र फक्त शेणखतातून द्यायचे झाल्यास झाडामागे सुमारे 300 किलो शेणखत लागेल. गोठे ओस पडत चाललेल्या गावांत घरच्या गायरीतून (शेणखताच्या खड्ड्यातून) एवढे खत निघत नाही. निव्वळ सेंद्रिय बाग करताना हा हिशेब मांडला नाही, तर झाडे उपाशी राहतात आणि दोष मात्र पद्धतीला दिला जातो.

ही तूट भरून काढण्यासाठी निंबोळी व करंज पेंड, गांडूळखत आणि हिरवळीची खते वापरली जातात. निंबोळी पेंडीत शेणखताच्या अनेक पटींनी नत्र असते आणि ते सावकाश मोकळे होते, त्यामुळे धुवाधार पावसात ते कमी वाहून जाते. बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला पावसाळ्यात छाटून झाडाखाली पसरणे हा त्यांतला सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. लाकडाची राख पालाश व कॅल्शियम पुरवून आम्लताही थोडी कमी करते. गोमूत्र, शेण, गूळ व बेसन यांपासून केलेल्या जीवामृताचा उपयोग जमिनीतील सूक्ष्मजीवांची हालचाल वाढवण्यासाठी होतो. त्यातील अन्नद्रव्ये अल्प असल्याने त्याला खताचा पर्याय मानता येत नाही.

खत बुंध्याशी ओतल्याने फारसा लाभ होत नाही, कारण अन्न शोषणारी तंतुमुळे झाडाच्या विस्ताराच्या कडेच्या बाजूस अधिक असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला विस्ताराच्या कडेच्या आत वर्तुळाकार उथळ चर खणून, त्यात तळाला पाला व वर कुजलेले खत घालून तो मातीने बुजवतात. उताराच्या जागी हा चर वरच्या अंगाला अर्धवर्तुळाकार घेतात, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर खत मुळांकडे उतरते. अर्धकच्चे शेण घातल्यास वाळवी व हुमणीचा उपद्रव वाढतो. नत्रयुक्त खत उशिरा दिल्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवी पालवी फुटते, मोहोर लांबतो आणि फळ काढणीला येईपर्यंत वळवाचा पाऊस येऊन ठेपतो. त्यामुळे खत कोणते, याइतकेच ते केव्हा दिले यालाही महत्त्व आहे.

हापूसमधील साका हा सेंद्रिय खतांच्या चर्चेत वारंवार येणारा विषय आहे. या विकृतीत बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाचा गर आतून फिकट, स्पंजासारखा व आंबूस होतो. बंगळूरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील अभ्यासांत तिचा संबंध कोयीत फळ झाडावर असतानाच सुरू होणाऱ्या रुजण्याच्या प्रक्रियेशी जोडला गेला आहे. तापलेल्या जमिनीची धग हेही तिचे एक कारण मानले जाते. झाडाखाली वाळलेले गवत व पातेरा यांचे जाड आच्छादन केल्यास जमीन कमी तापते आणि साक्याचे प्रमाण घटते. फळ पूर्ण पक्व होण्याची वाट न पाहता चौदा आणे (सोळापैकी चौदा भाग) तयार झाल्यावर काढणे हा त्याच्या जोडीचा उपाय आहे. मात्र साका मुळात जातीशी निगडित आहे. नीलम व हापूस यांच्या संकरातून निघालेल्या रत्ना जातीत तो आढळत नाही, आणि हापूसमध्ये केवळ खत बदलून तो नाहीसा करता येत नाही. आच्छादन वाळलेले असल्याने वणव्याची भीती राहते. म्हणून बागेच्या कडेने जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा) काढणे आवश्यक असते.

सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे नियम लागू होतात. आंब्यासारख्या बहुवर्षायू पिकाला प्रमाणित फळ विकण्यापूर्वी 3 वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. अशा बागेत दरवर्षी मोहोर यावा म्हणून दिले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल हे संजीवक वापरता येत नाही, त्यामुळे हापूसची वर्षाआड फळण्याची सवय पुन्हा ठळक होते. कित्येक वर्षे हे संजीवक घेतलेली झाडे संक्रमणात सर्वाधिक अडखळतात. त्यांच्या बाबतीत संजीवक थांबवून दाट फांद्यांची विरळणी करणे आणि सेंद्रिय खताची मात्रा वाढवणे, ही कामे नोंदणीच्या आधीच सुरू करावी लागतात.