माहीम (महिकावती): मुंबईची जुनी राजधानी

माहीम म्हटलं की आज लोकांना दर्गा, चर्चमधली बुधवारची नोव्हेना प्रार्थना आणि हलवा आठवतो, पण मुंबई सात बेटांची होती तेव्हा राज्यकारभार इथूनच चालायचा. जुनं नाव महिकावती, आणि राजा बिंब.

हा बिंबराजा नेमका कोण यावर अजून एकमत नाही. 'महिकावतीची बखर' वाचली तर प्रतापबिंब बाराव्या शतकात गुजरातकडून आला असं कळतं, तर काही इतिहासकार म्हणतात की हा भीमदेव, देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा मुलगा, १२९६ च्या अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीनंतर कोकणात उतरलेला. त्यात पालघरकडे केळवे-माहीम पण आहे, त्यामुळे बखरीतलं माहीम कुठलं हा वाद वेगळाच. मुंबईची परंपरा मात्र ठाम आहे, राजवाडा माहीमला, न्यायसभा नायगावात, आणि बेटावर नारळाच्या वाड्या लागल्या त्या बिंबाच्याच काळात. पाठारे प्रभू, पाचकळशी अशा ज्ञातींमध्ये आपले पूर्वज राजाबरोबर आले असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, आणि माझ्या मते त्या राजधानीचा सगळ्यात जिवंत पुरावा हीच माणसं आहेत, कारण वाड्याचा एक दगडही आता दाखवता येत नाही.

ही बखर इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापली. तिच्यातला एक भाग १४४८ चा, केशवाचार्यांचा. त्यात मालाडच्या नायकोरावाला देवी स्वप्नात येऊन सांगते की लोकांना जमव, त्यांना महाराष्ट्रधर्म सांग. मालाडला ट्रेनमधून उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल! शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सुमारे एकशेऐंशी वर्षं आधीची ही गोष्ट, शाळेत शिकवायला हवी खरं तर.

पुढे माहीम गुजरातच्या सुलतानांकडे गेलं. त्याच काळातले मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१), कुराणावर अरबी भाष्य लिहिणारे मोठे विद्वान. त्यांची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे, आईने रात्री पाणी मागितलं, हे घेऊन आले तर तिला झोप लागलेली, मग उठवायचं कसं म्हणून वाटी हातात धरून सकाळपर्यंत तसेच उभे राहिले. त्यांच्या दर्ग्याची डिसेंबरमध्ये दहा दिवस जत्रा असते, तिचा पहिला मान मुंबई पोलिसांचा, माहीम पोलीस स्टेशनातून बँड वाजवत मिरवणूक निघते आणि पोलीस अधिकारी स्वतः संदल (चंदनाचा लेप) घेऊन दर्ग्यात जातात.

१५३४ मध्ये बेटं पोर्तुगीजांकडे गेली, मग इंग्रजांकडे, आणि कारभार हळूहळू दक्षिणेला फोर्टात सरकला. खाडीच्या तोंडावरचा माहीमचा किल्ला मूळ कुणाचा, हे मात्र नक्की सांगता येत नाही.

प्रभादेवीची कथा मात्र थेट बिंबाशी जोडलेली आहे. देवीचं मूळ देऊळ बिंबाच्या काळात माहीमला होतं, पोर्तुगीजांच्या काळात मूर्ती वाचवायला विहिरीत टाकली, पुढे एका पाठारे प्रभू गृहस्थाला दृष्टांत झाला, मूर्ती वर काढली आणि अठराव्या शतकात सध्याचं देऊळ उभं राहिलं, असं सांगतात. दर पौष पौर्णिमेला, म्हणजे शाकंभरी पौर्णिमेला, तिथे जत्रा सुरू होते.