सिल्की कोंबडी : इंदुरातील घरगुती पालन

सिल्की ही मूळची चीनमधली, लोकरीसारख्या मऊ पिसांची ठेंगणी कोंबडी. मार्को पोलोच्या तेराव्या शतकातील प्रवासवर्णनात मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्या येतात, त्या बहुधा ह्याच. अमेरिकेच्या प्रमाणित जातींच्या यादीत तिला १८७४ मध्ये स्थान मिळाले. चीनमध्ये तिच्या मांसाचा औषधी रस्सा करतात. आपल्याकडे ती मुख्यतः हौसेचा पक्षी. इंदुरात रामबागेसारखी जुनी मराठी वस्ती असो की सुदामानगरातले घर, आता हाती उरते ती गच्ची नाहीतर घरामागचा बोळ. ही कोंबडी उडत नाही, फार उकरत नाही आणि माणसाच्या हाताला बुजत नाही, म्हणून अशा जागेत मावते. घरात अंडे शिजत नसेल तर अंड्यांचे काय करायचे हे मात्र पक्षी आणण्याआधी ठरवावे.

साध्या पिसात मधल्या दांड्यापासून निघणारे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे पीस सपाट राहते, पाणी ओघळून जाते आणि पंखाला हवा कापता येते. सिल्कीच्या पिसात हे आकडे नीट घडतच नाहीत. तंतू सुटे राहतात आणि अंगावर कापूस पिंजल्यासारखा फुलोरा दिसतो. हा गुण एका अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच दिसतो. डोक्यावर गोल शेंडी, अक्रोडासारखा बसका तुरा, निळसर कानपाळ्या, पायांवर पिसे आणि साध्या कोंबडीच्या चारऐवजी पाच बोटे ही तिची इतर लक्षणे. काहींना गालांवर आणि हनुवटीखाली दाढीही असते. अमेरिकी मानकानुसार कोंबडा सुमारे १ किलो, तर ब्रिटिश मानकानुसार १.८ किलोपर्यंत भरतो.

पांढऱ्या पिसांखाली कातडी, मांस आणि हाडांवरचे आवरण काळसर असते. गुणसूत्र २० वरील एक भाग दुप्पट झाल्याने रंगपेशी शरीरभर पसरतात. इंदूरपासून दीडशे किलोमीटरवर झाबुआचा कडकनाथही याच कारणाने काळा आहे. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काळेपणाचे मूळ एक असले तरी जाती दोन आहेत: कडकनाथ उंच, चपळ, साध्या घट्ट पिसांचा आणि चार बोटांचा. दोघांचा संकर केला तर पहिल्या पिढीची पिल्ले काळ्या कातडीची पण साध्या पिसांची निघतात. त्यांचीच आपसांत जोडी लावली तर सरासरी चारांत एक रेशमी पिसांचे येते. घरी गंमत म्हणून हे पाहायला हरकत नाही. मात्र अशी पिल्ले कडकनाथ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. काळेपणाच्या वारशाचा एक जुना अभ्यास बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केला. सिल्की कोंबडा आणि फिकट कातडीच्या तपकिरी लेगहॉर्न जातीची कोंबडी यांच्या पिल्लांत माद्या काळ्या कातडीच्या आणि नर फिकट निघतात. जोडी उलटी लावली तर सगळीच फिकट. काळेपणा दाबणारे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते, त्याचा हा परिणाम.

माळव्याच्या हवेत सिल्की टिकेल का, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उन्हाळा असतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, कोंबडी चोच उघडून धापा टाकते आणि अंडी कमी होतात हे खरे. तरी छपरावर ओले गोणपाट, आरपार वारा आणि दिवसातून दोनतीनदा बदललेले थंड पाणी एवढ्यावर ती तगते. ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, ख्याती उगाच नाही, रात्री उतार पडतो. खरी परीक्षा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. सुटी पिसे पाणी झटकत नाहीत, शोषून घेतात. भिजलेली सिल्की तासाभरात गारठून कोपऱ्यात बसते. तिला टॉवेलने पुसून हेअर ड्रायरच्या मंद वाऱ्यात कोरडे करावे लागते. त्यात माळव्याची काळी माती चिकट. पायांवरच्या पिसांत ती गोळ्यागोळ्यांनी वाळते, बोटांना आवळते आणि आत जखम झाली तरी दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात तिला मातीवर सोडूच नये. विटांनी उचललेली फरशी, तिच्यावर चार बोटे कोरडा भुसा, पागोळ्यांपासून हातभर आत असलेले खुराडे, हे पिंजऱ्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे. बसायची दांडी जमिनीपासून वीतभर पुरे. जाळी बारीक हवी, कारण मुंगूस आणि मांजर दोन्ही शहरात आहेत आणि शेंडीमुळे हिला समोरचे धड दिसत नाही. डोळ्यांवर येणारी पिसे कात्रीने कमी करावीत. पाण्यासाठी उघड्या कुंडीपेक्षा निपल, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणारी तोटी, बरे, दाढी कोरडी राहते.

खाद्याचे फारसे वेगळे काही नाही. पिल्लांना सुमारे २० टक्के प्रथिनांचे स्टार्टर, वाढत्या पक्ष्यांना ग्रोअर, अंड्यांवर आल्यावर कॅल्शियमयुक्त लेअर. हे शेवटचे पिल्लांना देऊ नये, मूत्रपिंडे बिघडतात. पुढ्यात उरलेली शेव टाकायचा मोह इंदूरकराला आवरणे कठीण, पण तिच्यातले मीठ आणि तेल कोंबडीला मानवत नाही.

अंडी लहान, मलईच्या रंगाची, वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे. ती कमीच असतात, कारण पंधरा-वीस अंडी दिली की सिल्की खुडूक होते. अंड्यांवर अंग पसरून बसते, हात लावला की फुगते, दिवसातून एकदाच उठते. या बाबतीत तिचा हात धरणारी जात क्वचितच. कडकनाथ कोंबड्या सहसा अंड्यांवर बसत नाहीत. त्यांची अंडी सिल्कीखाली ठेवता येतात. एकीखाली सहा ते आठ अंडी पुरे. कोंबडीची २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहावे. रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले नाही तर अंडे काढून टाकावे. बसवण्यासाठी साठवलेली अंडी टोक खाली करून थंड जागी आठवडाभर ठेवता येतात, पण मेमधल्या इंदुरी खोलीत गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. त्यामुळे हिवाळ्याचा शेवट हा पिल्ले काढायचा उत्तम काळ. अंडी नको असूनही कोंबडी खुडूकच राहिली तर तिला तीनचार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खालून वारा लागेल असे ठेवावे.

पैदाशीसाठी एका कोंबड्यामागे चार-पाच माद्या. दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची दाट पिसे आधी कातरली नाहीत तर अंडी वांझ निघतात, आणि दोष उगाच कोंबड्याला लागतो. दोन निळसर राखी पक्ष्यांची जोडी लावली तर सरासरी निम्मी पिल्ले राखी, पाव काळी आणि पाव शिंतोड्यांची, म्हणजे फिकट अंगावर गडद ठिपक्यांची, येतात. सगळी राखी हवी असतील तर काळा आणि शिंतोड्याचा पक्षी एकत्र आणावा. शेंडीचा आकार हा मात्र नुसता शोभेचा विषय नाही. मोठ्या शेंडीच्या अनेक पक्ष्यांत कवटीच्या वरच्या बाजूला हाड अपुरे असते आणि मेंदूवर कातडीचेच रक्षण उरते. एक जोराची चोच बसली तरी पक्षी मान वाकडी करून गोल फिरू लागतो. अशी घुमटासारखी कवटी मुद्दाम निवडून वाढवणारे हौशी लोक आहेत. ही निवड पक्ष्याच्या हिताची नाही.

मान वाकडी दिसली की पाळणाऱ्याला आधी मानमोडी म्हणजे राणीखेत आठवतो, आणि आठवावाच. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतच्या लासोटा किंवा एफ स्ट्रेन लसीचा थेंब डोळ्यात आणि सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बी ही लस चुकवू नये. मात्र सिल्कीत डोक्यावरची जखम किंवा जीवनसत्त्वांची उणीव हेही कारण असू शकते. मॅरेक्स या विषाणूजन्य आजाराला ही जात विशेष बळी पडते असे मानतात. त्याची लस पिल्लू एक दिवसाचे असताना द्यावी लागते, आणि ती मोठ्या कुपीत येत असल्याने घरच्या सहा पिल्लांना सहसा मिळत नाही. निदानासाठी महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. २०२० च्या डिसेंबरअखेर डेली कॉलेजच्या आवारात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू सापडला होता. तेव्हा गच्चीवरच्या दाण्यापर्यंत कावळे येऊ न देणे ही अतिदक्षता नव्हे.

नर-मादी ओळखायला पाच-सहा महिने, कधी जास्त लागतात. नराच्या शेंडीतून मागे लांब पिसे निघतात, मादीची गोल राहते. साधारण निम्मे नर निघतात आणि तेही पहाटे आरवतात, फ्लॅटच्या भिंतींना चांगले ऐकू जाईल इतपत. जादा नर कोणाला द्यायचे ते अंडी बसवण्याआधीच ठरवलेले बरे, कारण नंतर घेणारा मिळत नाही.