साडेआठ वर्षं छापखान्याच्या दारात

आयरिश लेखक जेम्स जॉइसचा ‘डब्लिनर्स’ हा कथासंग्रह पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला त्यातलं काय एवढं आक्षेपार्ह होतं, हे चटकन कळत नाही. पंधरा कथा, साधी माणसं, फारशा घटना नाहीत. तरी हे पुस्तक छापून यायला साडेआठ वर्षं लागली.

सुरुवात झाली ती शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकात. आयर्लंडच्या सहकारी चळवळीचं ‘आयरिश होमस्टेड’ हे दूध, लोणी आणि शेतीच्या बातम्या देणारं पत्र. कवी जॉर्ज रसेल यांनी 1904 मध्ये बावीस वर्षांच्या जॉइसकडे त्यासाठी एक सोपी, वाचकाला धक्का न देणारी गोष्ट मागितली. मानधन एक पौंड. ‘द सिस्टर्स’ 13 ऑगस्टला टोपणनावाने आली. डिसेंबरपर्यंत आणखी दोन आल्या, वाचकांच्या तक्रारीही आल्या आणि संपादकांनी पुढच्या गोष्टी नकोत म्हणून कळवलं. तोवर जॉइस प्रेयसी नोरा बार्नकलसोबत देश सोडून गेला होता.

डिसेंबर 1905 मध्ये त्याने आजच्या इटलीतल्या त्रिएस्तेहून बारा कथा लंडनच्या ग्रँट रिचर्ड्सकडे पाठवल्या. प्रकाशकाने स्वीकारल्या, पण छापणारा अडून बसला. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात अश्लील मजकुराबद्दल छापणाराही गुन्हेगार ठरे, त्यामुळे लेखकाच्या वाक्यावर छापखानेवाला खुणा करत असे. जॉइसने रिचर्ड्सना लिहिलेली 1906 मधली पत्रं आजही या पुस्तकाची सर्वांत चांगली प्रस्तावना आहेत. आपल्या देशाच्या नैतिक इतिहासातलं एक प्रकरण लिहायचं होतं, आणि डब्लिन हे लुळेपणाचं केंद्र वाटलं म्हणून ते शहर निवडलं, असं तो सांगतो. म्हणूनच आधी बालपण, मग तारुण्य, मग प्रौढपण आणि शेवटी सार्वजनिक जीवन, असा कथांचा क्रम त्याने लावला. हा क्रम मोडून मधलीच एखादी कथा वाचू नये, असं मला मनापासून वाटतं.

रिचर्ड्सनी त्याच वर्षी माघार घेतली. या उशिराने एक मोठं देणं दिलं. पुस्तक वेळेवर निघालं असतं, तर 1907 मध्ये लिहिलेली ‘द डेड’ त्यात नसती. नोराच्या गॉलवेतल्या, अकाली गेलेल्या एका मित्राची आठवण त्या कथेच्या मुळाशी आहे.

पुढे डब्लिनच्याच मॉन्सेल या प्रकाशन कंपनीशी 1909 मध्ये करार झाला. आता अडचण दुसरीच. एका कथेत राजे एडवर्ड सातव्यांबद्दल सैल बोलणं होतं. जॉइसने 1911 मध्ये थेट त्यांच्या मुलाला, पंचम जॉर्जना पत्र घातलं. (ज्यांच्या मुंबईतल्या आगमनाची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभा आहे, तेच हे.) अशा बाबतीत महाराज मत देत नाहीत, असं सचिवाचं उत्तर आलं. शिवाय दारूच्या गुत्त्यांची खरी नावं घातल्याने मालक खटले भरतील, ही प्रकाशकाची धास्ती. सप्टेंबर 1912 मध्ये छापखान्याने हजार प्रतींचे छापील कागद नष्ट केले. त्यानंतर जॉइस आयर्लंडला कधीच परतला नाही.

अखेर 15 जून 1914 रोजी पुस्तक निघालं, ते पुन्हा ग्रँट रिचर्ड्सकडूनच. त्या वर्षात 499 प्रती खपल्या, त्यांतल्या 120 खुद्द जॉइसने घेतलेल्या. गुत्त्यांची नावं मात्र कायम राहिली. ‘काउंटरपार्ट्स’मधला कारकून ज्या मलिगन्स गुत्त्यात पंजा लढवताना हरतो, ते पूलबेग स्ट्रीटवर आजही चालू आहे.