पुण्याचा मासा कावेरीत गेला त्याची गोष्ट

गळ टाकायला गेलं की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "हळू बोला रे, मासे पळतील." आमच्यात हे खातं दादाकडे. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, पन्नाशीला टेकलाय, मावळातल्या एका बॅकवॉटरवर गेली वीसेक वर्षं दर उन्हाळ्यात जातो, गावच्या सोसायटीची रीतसर पावती फाडतो आणि मग आम्हाला दिवसभर गप्प बसवतो. आणि हाच माणूस थोड्या वेळाने चहाचा थर्मास आणायला खडकावरून धाड धाड पाय आपटत जातो.

तर दादा, ऐक. आपण बोलतो तो आवाज हवेतून जातो आणि पाण्यावर आदळला की जवळजवळ सगळा वरच्या वर परत फिरतो, हजारातला एखादा हिस्सा आत जात असेल. म्हणजे काठावर बसून क्रिकेटवर वाद घाला, माशाला फारसा फरक पडत नाही. पण खडकावर पाय आपटला की ती थरथर दगडातून सरळ पाण्यात उतरते आणि ती मात्र त्याला मस्त कळते. त्यातून आपले नदीतले नेहमीचे मासे, रोहू, कटला, महासीर, शिंगटी, हे ऐकण्याच्या बाबतीत जरा जास्तच हुशार आहेत. ह्यांच्या पोटात हवेचा एक फुगा असतो, पाण्यात वरखाली तरंगायला, आणि त्या फुग्यापासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी गेलेली असते. पाण्यातून लहर आली की फुगा थरथरतो, हाडं हलतात, कानाला निरोप. वेबर नावाच्या जर्मन माणसाने १८२० मध्येच ही हाडं नीट बघून लिहून ठेवली होती. थोडक्यात काय, मासा पोटाने ऐकतो म्हटलं तरी चालेल.

आणि बघतो कसा ते अजून भारी आहे. पाण्याखालून वर बघितलं तर आख्खं आकाश, झाडं, डोंगर, सगळं एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं, साधारण ९७ अंशांची खिडकी, तिच्या बाहेर नुसता आरसा, त्यात तळाचंच प्रतिबिंब. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो म्हणून असं होतं. आता तुम्ही काठावर उभे राहिलात तर त्या खिडकीत तुमचं डोकं-खांदे स्पष्ट दिसणार, पण खाली बसलात की तुम्ही खिडकीच्या कडेला चेपून एक पुसट पट्टी होऊन जाता. म्हणून जुने लोक उकिडवे बसून गळ टाकतात. त्यांना हे गणित कोणी शिकवलेलं नव्हतं, मासे लागत होते एवढंच.

त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत कोणालाच काही नाही. मग आमच्यातल्या मंद्याच्या रीळने एकदम किंचाळायला सुरुवात केली. महासीर लागल्याचा आवाज वेगळाच असतो, बाकीचे मासे आधी टुकटुक करतात, हा एका झटक्यात गळ तोंडात घेतो आणि थेट उलटा पळत सुटतो, लाईन सुर्रर्र करत जाते आणि आपण नुसते बघत बसतो. मंद्याने दहा-बारा मिनिटांनी काठाशी आणला तेव्हा दोन किलोच्या आतबाहेर असेल, पण अंगाने काय दिसत होता! पाठ हिरवट काळी, कुशीवर सोनेरी झाक, खवले एवढे मोठे की प्रत्येक खवल्याची कड वेगळी मोजता यावी, आणि पर निळसर राखाडी. ओठ जाड, मांसल, कोपऱ्यात दोन जोड्या मिशा. तोंडात बोट घातलं तर दात नाहीत. दात आहेत, पण घशात. रोहू-कटल्याच्या ह्या आख्ख्या कुळाचे दात घशातच असतात आणि महासीर त्यांनी खेकडे, शिंपले, गोगलगायी कडाकडा फोडून खातो. घशापर्यंत गेलेला गळ त्याने चेपून सपाट केला असे किस्से जुन्या गळवाल्यांकडे भरपूर असतात, आणि ते घशातले दात बघितले की मला त्यात फेकाफेकी वाटत नाही.

ह्या माशाला आपल्याकडे कुठे खडस म्हणतात, कुठे खडशी. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. हे 'खुद्री' कुठून आलं? तर पुण्यातून. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा एक अधिकारी होता, दख्खनची शिरगणती आणि जमिनीची माहिती गोळा करायला फिरायचा आणि फावल्या वेळात पक्षी, मासे, जे दिसेल ते नोंदवायचा. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांवर छापलं आणि नावं देताना लॅटिन उगाळत न बसता नदीवरचे लोक जे म्हणत होते तेच चिकटवून टाकलं. खुद्री, कोळशीवरून कोलस, शिंघाळा, मसुल्ला. जगभरातले मत्स्यशास्त्रज्ञ आज ही मराठी नावं तोंड वेडंवाकडं करून उच्चारतात. खुद्रीचा नमुना त्याला पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवर मुळा-मुठेत मिळाला होता. आज तिथल्या पाण्याला काय वास येतो ते हडपसर-मांजरीवाल्यांना विचारा, मी काही बोलत नाही.

आता खरी गोष्ट.

धरणं बांधली, सुरुंग लावून मासे मारले, नद्या घाण केल्या, सगळीकडे महासीर कमी झाला. तेव्हा १९७०-७१ च्या सुमारास टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यात वळवणच्या तलावाशी महासीरचं प्रजनन केंद्र सुरू केलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ह्यांनी पिकलेल्या माद्यांची अंडी हाताने काढून, त्यावर नराचा रस मिसळून, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पिल्लं वाढवायचं तंत्र बसवलं. सोपं काम नव्हतं हे, कारण महासीर रोहूसारखी ढिगाने अंडी देत नाही, जी देतो ती मोठी, पिवळीधमक आणि जड, तळाला जाऊन बसणारी. काम खरंच उत्तम झालं, पिल्लं बोटाएवढी झाली की तलावात सोडायची, मग बाहेरूनही मागणी यायला लागली आणि लाखांनी पिल्लं इतर राज्यांत गेली. त्यातली काही कर्नाटकात. कावेरीत.

आणि कावेरी म्हणजे गळवाल्यांची पंढरी. तिथला महासीर वेगळा, पाठीला कुबड, पर नारंगी, आणि आकार राक्षसी. १९४६ मध्ये कावेरीच्या उपनदीत, काबिनीत, म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या डी वेट व्हॅन इंगेन ह्यांनी १२० पौंडांचा पकडला होता, म्हणजे साधारण ५४ किलो, एखाद्या माणसाएवढं वजन. हे घराणं शिकारीची जनावरं पेंढा भरून देण्यात प्रसिद्ध होतं. त्यानंतर लोकांना वाटलं संपला हा मासा. मग १९७७ मध्ये काही ब्रिटिश गळवाले भारतभर महासीर शोधत फिरले, शेवटी कावेरीवर पोचले आणि पुढच्या वर्षी ९२ पौंडांचा लागला. झालं, जगभरातून लोक यायला लागले, भीमेश्वरी, गालीबोर असे कॅम्प उभे राहिले, टोपलीसारख्या गोल होडीतून फिरायचं, नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा गळाला लावायचा, मासा पकडायचा, वजन करायचं आणि परत सोडायचा. आधी चोरून मासे मारणारे कित्येक जण तिथे गाईड म्हणून पगारावर लागले आणि नदीवर पहारा करायला लागले. मला ही व्यवस्था फार आवडते, कागदावरच्या दहा योजनांपेक्षा चांगली.

नदीत मासे कमी दिसतात म्हणून लोणावळ्याची पिल्लं ह्याच पाण्यात सोडली. सगळ्यांचा हेतू चांगला. महासीर कमी झालाय ना, मग महासीर सोडा. महासीर म्हणजे महासीर.

तर तसं नव्हतं.

गालीबोरच्या कॅम्पवर वह्या ठेवलेल्या होत्या. कोण आलं, किती तास गळ टाकला, काय लागलं, वजन किती, कुबडाचा की निळ्या पराचा. १९९८ ते २०१२ अशी वर्षांची नोंद. नंतर अभयारण्यात गळ टाकणं म्हणजे शिकार असा कायद्याचा अर्थ लागला, कॅम्पची फिशिंग बंद पडली आणि वह्या उरल्या. त्या वह्या एड्रियन पिंडर, राजीव राघवन ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघडल्या, सहा हजारांवर मासे होते त्यात, आणि २०१५ मध्ये जे छापून आलं ते वाचून अंगावर काटा येतो. एकूण मासे वाढलेले. पण वाढलेले सगळे निळ्या पराचे, म्हणजे आपले. कुबडाचा महासीर वर्षागणिक कमी कमी होत गेलेला, आणि जो लागत होता त्याचं सरासरी वजन वाढत होतं.

वजन वाढतंय म्हटल्यावर आपल्याला वाटेल वा, मासे धष्टपुष्ट झाले. नाही. एखाद्या गावात सगळ्यांचं सरासरी वय वाढत चाललंय आणि शाळेत पटावर पोरंच नाहीत, तसं आहे हे. लहान मासे नोंदीत येतच नव्हते. जुने म्हातारे तेवढे उरले होते आणि एकेक करून तेही जात होते. धरणं, वाळूउपसा, सुरुंग हे सगळं होतंच, त्यात हा बाहेरून आलेला भाऊबंद, जो काहीही खातो, कुठेही रुळतो.

आणि कहर म्हणजे ज्या माशासाठी जग येत होतं त्याला तोपर्यंत धड नावच नव्हतं. कित्येक वर्षं त्याला 'मसुल्ला' म्हणायचे, साइक्सचंच नाव, पण मसुल्ला हा कृष्णेच्या खोऱ्यातला भलताच मासा निघाला. म्हणजे कावेरीच्या माशाला पिल्लंही आपली दिली आणि नावही आपलंच, दोन्ही चुकीचं. शेवटी २०१८ मध्ये मोयार नदीतले नमुने तपासून ठरलं की हा टॉर रेमादेवी, केरळातल्या, पण कावेरीच्याच खोऱ्यातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेला, भारतीय प्राणी सर्वेक्षणच्या के. रेमा देवी ह्यांच्या नावाचा. ते ठरवणाऱ्यांत पुण्याच्या आयसर ह्या विज्ञान संस्थेतले नीलेश दहाणूकर पण होते, तेवढाच आपला प्रायश्चित्ताचा वाटा. त्याच वर्षी तो आययूसीएन ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अतिसंकटग्रस्त यादीत गेला. जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडतो हा मासा. आपला खुद्री मात्र संकटग्रस्त यादीतून बाहेर पडून चिंता नसलेल्यांत जाऊन बसलाय.

हे मी काठावर सांगत होतो तेव्हा मंद्या मासा हातात धरून फोटोची पोझ देत होता. दादा ओरडला, "अरे पाण्यात धर आधी त्याला!" आणि ह्या बाबतीत दादा शंभर टक्के बरोबर. मासा पाण्याबाहेर आला की कल्ल्यांच्या बारीक झालरी एकमेकींना चिकटून बसतात, हवेत एवढा ऑक्सिजन असून त्याला घेता येत नाही. त्यात तो आत्ताच दहा मिनिटं जिवाच्या आकांताने पळालाय, स्नायूंत आम्ल साठलंय, म्हणजे चारशे मीटर पळून आलेल्या माणसाच्या तोंडावर उशी दाबल्यासारखं. उन्हाळ्यात अजून वाईट, २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो तर ३० अंशांना साडेसातच. हात ओले करून धरायचा, कारण अंगावरचा चिकटा हे त्याचं चिलखत, कोरड्या हाताला तो निघून येतो. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून ठेवायचा. आणि जखमी मासा पाण्यात गेला तर त्याच्या कातडीतून असा रस सुटतो की आजूबाजूचे नातेवाईक पसार होतात, कार्ल फॉन फ्रिश ह्यांनी १९३८ मध्ये छोट्या माशांवर हे दाखवलं, मधमाश्यांच्या नाचावरून नंतर नोबेल मिळालं तेच हे. दादा म्हणाला, "म्हणजे तुझ्या बडबडीने नाही, मंद्याच्या फोटोने पळाले मासे."

मंद्याने मासा पाण्यात उभा धरला, प्रवाहाकडे तोंड करून. कल्ले उघडझाप करत होते. मिनिटभराने शेपटीचा एक फटका, मंद्याचा चष्मा ओला, मासा गायब.

मी आता एक वही ठेवलीये, दोनशे पानी. दादा हसतो. पण त्या गालीबोरच्या नोंदींत मला सगळ्यात आवडलं ते हे की कोरे तासही लिहिलेले होते, काहीच न लागलेले. नुसते लागलेले मासे मोजून काही कळत नाही, किती तासांत लागले ते लागतं. त्यामुळे दुपारी निघताना लिहिलं: पहाटे ५.५० ते ११.३०, चार जण, आमिष नाचणी आणि गांडूळ, महासीर १, निळा पर, अंदाजे २ किलो, सोडला. दादा, मी आणि सुन्या, शून्य.

दादाने वही ओढून घेतली, आपलं नाव खोडलं आणि म्हणाला, "माझं लिहू नको, मी चहा करत होतो."