टाचणी आठवणारा हात

एदुआर क्लापारेद हे जिनिव्हाचे डॉक्टर. त्यांनी १९११ मध्ये नोंदवून ठेवलेला एक प्रयोग आजच्या कुठल्याही नीतिसमितीने फेटाळूनच लावला असता. त्यांची एक ४७ वर्षांची रुग्ण कोर्साकॉफच्या आजाराने नवं काही लक्षात ठेवू शकत नव्हती. रोज भेटणारे डॉक्टर तिला रोज अनोळखी वाटत. एकदा क्लापारेद यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. तिला टोचलं, आणि थोड्या वेळाने ती ते विसरूनही गेली. पण पुढच्या खेपेला त्यांनी हात पुढे करताच तिने आपला हात झटकन मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. फारच खोदून विचारल्यावर, लोकांच्या हातात कधीकधी टाचण्या असतात, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली.

मराठीत घाबरणं वेगळं आणि धसका घेणं वेगळं. घाबरणं त्या घटकेपुरतं असतं. धसका मात्र मुक्कामाला येतो, आणि कशाचा घेतला हे विसरलं तरी हलत नाही. त्या बाईच्या हाताने धसका घेतला होता, डोक्याला त्याचा पत्ता नव्हता. मेंदूत हा धसका कुठे बसतो, याचा शोध घ्यायला पुढची सारी दशकं लागली, आणि तो शोध सरळ रेषेत मुळीच झाला नाही.

सुरुवात तर मेंदूला बाजूला ठेवूनच झाली. आवाज आणि अन्न यांची सांगड घालून कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणता येतं, हे पावलॉव्ह यांनी दाखवलं होतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी हीच युक्ती अकरा महिन्यांच्या एका बाळावर वापरली. समोर पांढरा उंदीर, आणि पाठीमागे पोलादी कांबीवर हातोड्याचा दणका. असं सात वेळा झाल्यावर ‘अल्बर्ट’ नुसता उंदीर पाहूनही रडायला लागला, आणि पुढे सशालाही भ्यायला लागला. त्याची ही भीती काढून टाकायची तसदी कोणी घेतली नाही. वर्तनवाद्यांना बाहेरून आत काय जातं आणि आतून बाहेर काय येतं एवढंच मोजायचं होतं. मधली पेटी त्यांनी बंदच ठेवली.

ती पेटी उघडली, पण भलत्याच कारणासाठी. शिकागोत हाइनरिश क्लुव्हर मेस्कलिन या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्यावर काम करत होते. त्याचा परिणाम मेंदूच्या कुठल्या भागावर होतो हे पाहायला शल्यविशारद पॉल ब्यूसी यांनी माकडांचे दोन्ही बाजूंचे शंखखंड, म्हणजे कानामागचे मेंदूचे भाग, काढले. मेस्कलिनबद्दल फारसं काही कळलं नाही. पण माणूस दिसताच चवताळणारी माकडं गरीब गाय झाली. सापालाही ती हात लावायला जात आणि दिसेल ती वस्तू तोंडात घालत. हे १९३७ साली प्रसिद्ध झालं. खरं तर लंडनमध्ये ब्राउन आणि शेफर यांनी १८८८ मध्ये असंच माकड पाहिलं होतं, पण तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. शंखखंडाच्या पोटात बदामाएवढा आणि बदामाच्याच आकाराचा एक पुंजका असतो, अमिग्डला. माकडाची भीती घालवायला तेवढाच काढणं पुरतं, हे लॉरेन्स वाइसक्रांट्झ यांनी १९५६ मध्ये दाखवलं.

त्याआधी १९५२ मध्ये पॉल मॅक्लीन यांनी भावनांशी संबंधित सगळे भाग ‘लिंबिक सिस्टीम’ या एका छत्रीखाली आणले होते. नाव लोकांच्या तोंडी बसलं, उलगडा मात्र फारसा झाला नाही. माझ्या मते या छत्रीने पुढचं काम काही वर्षं झाकूनच टाकलं.

खरा नकाशा निघाला १९८० च्या दशकात. त्या प्रयोगांचं कौतुक त्यांच्या साधेपणात आहे. न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जोसेफ लेदू उंदराला एका पेटीत ठेवत. एक सूर वाजे, आणि सूर संपता संपता पायाखालच्या जाळीतून हलका विजेचा झटका बसे. दुसऱ्या दिवशी नुसता सूर वाजवला की उंदीर जागच्या जागी थिजे. मिशासुद्धा हलायच्या नाहीत, श्वासाची हालचाल काय ती दिसे, आणि रक्तदाब चढे. मग लेदू यांनी कानाकडून येणारी वाट वरच्या टोकापासून कापायला सुरुवात केली. आवाजाचा अर्थ लावणारा श्रवण-कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा एक भाग, काढला, तरी उंदीर धसका शिकलाच. त्याच्या एक पायरी खालचा, मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमसमधला आवाजाचा थांबा काढला, तेव्हा मात्र शिकणं बंद. याचा अर्थ, थॅलॅमसमधून कॉर्टेक्सला वळसा घालणारी दुसरी एखादी वाट असली पाहिजे. तिथे रंगद्रव्य सोडून ते कुठे पोचतं हे पाहिलं, तर एक धागा थेट अमिग्डलात उतरलेला. सूर वाजल्यावर १२ ते १५ मिलिसेकंदांत तिथल्या काही चेतापेशी जाग्या होतात. कसला आवाज आहे हे कॉर्टेक्स ठरवतो, तोवर खबर पोचलेली असते.

याच सुमारास ब्रूस कॅप सशांच्या हृदयाचे ठोके मोजत होते, तर मायकेल डेव्हिस उंदरांचं दचकणं. तिघांची मापं वेगळी, पण सगळे येऊन पोचले त्याच बदामापाशी. अमिग्डलाच्या बाजूच्या केंद्रकात, म्हणजे तिथल्या चेतापेशींच्या एका पुंजक्यात, सूर आणि झटका एकत्र येतात. तिथून निरोप मध्यवर्ती केंद्रकात जातो, आणि पुढे वेगवेगळ्या तारांनी थिजणं, रक्तदाब, दचकणं हलवलं जातं. शिकणं म्हणजे सुराकडून येणाऱ्या चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले जोड, घट्ट होणं, ही कल्पना नुसती कल्पना राहू नये म्हणून २०१४ मध्ये रॉबर्टो मालिनो यांच्या गटाने सूरच काढून टाकला. त्याच्या जागी त्यांनी अमिग्डलात येणारे तंतू प्रकाशाने चेतवले आणि झटका दिला, आणि उंदीर धसका शिकला. मग प्रकाशाच्याच वेगळ्या लयीने त्या चेतासंधी सैल केल्या, तर धसका गेला. पुन्हा आवळल्या, तर परत आला.

पेटीची गोष्ट वेगळी. उंदीर सुराला भितो तसा ज्या पेटीत झटका बसला त्या जागेलाही भितो, आणि जागेच्या आठवणीला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लागतो. जीन्सॉक किम आणि मायकेल फॅन्सेलो यांनी १९९२ मध्ये झटक्यानंतर दुसऱ्याच दिवशी हिप्पोकॅम्पस निकामी केला, तेव्हा पेटीची भीती गेली. २८ दिवस थांबून केला, तर भीती टिकली. आठवण तोवर दुसरीकडे राहायला गेली होती.

क्लापारेद यांच्या बाईचं कोडं सुटलं १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या आयोवात. अंतोनियो दमासिओ यांच्या गटातले अँतोइन बेकारा यांनी रुग्णांना रंगीत पारदर्शिका दाखवल्या. ठरावीक रंग आला की भोंगा कर्कश वाजे. अमिग्डला नसलेल्या स्त्रीने कुठल्या रंगाला भोंगा वाजतो ते बिनचूक सांगितलं, पण त्या रंगाने तिच्या तळहाताला घाम फुटला नाही. हिप्पोकॅम्पस गेलेल्या रुग्णाला घाम फुटला, पण रंग सांगता आला नाही. इतक्या मोजक्या माणसांवरचा इतका बोलका प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

धसका जातो कसा, याचंही उत्तर सरळ निघालं नाही. नुसता सूर पुन्हा पुन्हा वाजवला की उंदीर थिजणं सोडतो, याला विलोपन म्हणतात. पण पावलॉव्ह यांनाच दिसलं होतं की मध्ये काही काळ गेला की जुनी प्रतिक्रिया परत डोकं वर काढते. म्हणजे जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर ‘आता धोका नाही’ अशी नवी आठवण बसते. तिला जागेवर ठेवायला कपाळामागच्या कॉर्टेक्सचा आतला भाग लागतो, हे मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ मध्ये तिथल्या चेतापेशींच्या नोंदींतून दाखवलं. त्याच वर्षी बंगळुरूत सुमंत्र चॅटर्जी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की दीर्घ ताणाखालच्या उंदरांत हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि अमिग्डलातल्या पसरतात. ताण एकीकडे छाटणी करतो, तर दुसरीकडे खत घालतो. सगळ्यात मोठा धक्का मात्र २००० सालचा. जुनी भीती जागी केल्यावर लगेच उंदराच्या अमिग्डलात प्रथिननिर्मिती रोखली, तर ती भीती टिकतच नाही, असं करीम नादेर यांनी लेदू यांच्याच प्रयोगशाळेत दाखवलं. आठवण काढणं म्हणजे ती पुन्हा ओली करणं. यावर आधारलेले उपचार माणसांत मात्र कधी लागू पडतात, कधी नाही.

एवढं झाल्यावर अमिग्डला हेच ‘भीतीचं केंद्र’ म्हणून गाजलं. ते बदलायला लावलं एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या आयोवाच्याच रुग्णाने. दुर्मीळ आजाराने तिचा दोन्ही बाजूंचा अमिग्डला नष्ट झाला आहे. दुकानात ती साप कुतूहलाने हातात धरून बसली, भुताटकीच्या वाड्यात सगळ्यांच्या पुढे चालली. पण २०१३ मध्ये ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तर तिचा श्वास कोंडून ती भयाने गलितगात्र झाली. असाच आजार असलेल्या जुळ्या बहिणींचंही तेच झालं. अमिग्डला नसताना भीती आली होती.

ज्यांच्या प्रयोगांनी हे केंद्र नावारूपाला आणलं, त्या लेदू यांनीच आता नाव बदला म्हणून आग्रह धरला आहे. भीती ही जाणवणारी गोष्ट आहे, चेतापेशींच्या या जाळ्यांना ‘धोका ओळखणारी’ म्हणा, असं ते म्हणतात. फॅन्सेलो यांना हे अजिबात पटलेलं नाही. हा मनोविकारशास्त्राला अंधारयुगात नेणारा विचार आहे, असं त्यांनी २०१८ मध्ये लिहिलं. सूर वाजला की उंदीर थिजतो, एवढं दोघांनाही मान्य आहे. तो भ्याला असं लिहायचं की नाही, यावर त्यांचं अजून जुळलेलं नाही.