कोळशावरचे ते चारशे रुपये

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्या आठवड्यात सगळी चर्चा साबण, टूथपेस्ट आणि छोट्या गाड्यांची होती. त्याच दिवशी कोळशावरचा टनामागे ४०० रुपयांचा उपकर (ठरावीक कामासाठी घेतला जाणारा जादा कर) रद्द झाला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर गेला, याला बहुतेक ठिकाणी एखादी ओळ मिळाली. पेट्रोल-डिझेलवरचे कर बाजूला ठेवले (ते हवामानासाठी कुणी लावलेच नव्हते), तर कार्बनची किंमत, म्हणजे उत्सर्जन करणाऱ्याने त्यापोटी मोजायचा पैसा, म्हणावी असा देशात एवढा एकच आकडा होता. तो कसा आला, कसा वाढला आणि मध्येच त्याला दुसऱ्याच कामाला कसे जुंपले गेले, हे २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या सगळ्या घोषणांपेक्षा जास्त बोलके आहे.

क्योटोच्या जागतिक हवामान करारात भारतावर उत्सर्जन कपातीचे बंधन नव्हते. २००८ पर्यंत इथे जे झाले ते मुख्यतः ऊर्जाबचतीच्या नावाने झाले. जून २००८ मध्ये हवामान बदलासाठी आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. डिसेंबर २००९ मध्ये, कोपनहेगनच्या परिषदेच्या तोंडावर, उत्सर्जनाची तीव्रता २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत २० ते २५ टक्क्यांनी घटवू, असे सरकारने लोकसभेत सांगितले. म्हणजे एकूण उत्सर्जन नव्हे, जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचे. पुढची उद्दिष्टेही याच मापात आली: २०१५ मध्ये ३३ ते ३५ टक्के, २०२२ मध्ये ४५ टक्के, दोन्ही २०३० साठी.

आश्वासन दिले, पण पैसा कुठून? फेब्रुवारी २०१० च्या अर्थसंकल्पात त्याचे उत्तर आले. कोळसा आणि लिग्नाइट, पीट या त्याच्या कच्च्या प्रकारांवर, देशी असो वा आयात, १ जुलै २०१० पासून टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा करायचा होता. २०१४ मध्ये सरकार बदलले, उपकर मात्र राहिला, नुसता राहिला नाही तर वाढला. जुलै २०१४ मध्ये १०० रुपये, मार्च २०१५ मध्ये २००, मार्च २०१६ मध्ये ४००, आणि जोडीला 'स्वच्छ पर्यावरण उपकर' हे नवे नाव. सहा वर्षांत आठपट. पॅरिस करारासाठी २०१५ मध्ये दिलेल्या राष्ट्रीय दस्तऐवजात या वाढीचा आणि निधीचा आवर्जून उल्लेख होता. जगाला दाखवण्यासारखी ती गोष्ट होतीच.

एवढी वाढ होऊनही रस्त्यावर कुणी उतरले नाही, कारण कोळसा घरात कुणी विकत आणत नाही. चंद्रपूरच्या वीज केंद्रातला ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरून तासाला सव्वातीनशे टन जाळतो. ४०० रुपयांच्या दराने तासाचा उपकर झाला एक लाख तीस हजार. युनिटमागे हे २६ पैसे. वीज कंपन्यांच्या खरेदी करारांत 'कायद्यातील बदल' हे कलम असते, त्याच्या आधारे हा बोजा पुढे सरकतो आणि शेवटी वीज आकारात किंवा इंधन समायोजन आकारात मुरतो. बिलावर 'कोळसा उपकर' अशी ओळ नसते. महिन्याला १०० युनिट वापरणारे घर कोळशाच्या विजेपोटी २०-२५ रुपये भरत होते आणि आपण कार्बन कर भरतोय हे त्याच्या गावीही नव्हते.

हा कर कितपत कडक होता? एक टन भारतीय कोळसा जळला की ढोबळमानाने दीड टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे उत्सर्जनाच्या टनाला सुमारे २६५ रुपये. आज हे किरकोळ वाटते, पण २०१७ च्या सुरुवातीला युरोपच्या कार्बन बाजारातही (जिथे कारखाने उत्सर्जनाचे परवाने विकत घेतात) टनाचा भाव पाच-सहा युरोच होता, म्हणजे चारशेच्या आसपास. फार मागे नव्हतो आपण. नंतर युरोपचा भाव वर गेला, २०२३ मध्ये त्याने १०० युरोचा टप्पाही ओलांडला. आपले ४०० रुपये ४०० च राहिले.

पैशाचे काय झाले, हा भाग फारसा अभिमानाचा नाही. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यांतले जेमतेम २९,६४५ कोटी स्वच्छ ऊर्जा निधीत वळते झाले आणि प्रकल्पांना मिळाले १५,९११ कोटी. बाकीचे सर्वसाधारण तिजोरीत मुरले. जे दिले गेले त्यातही सौर आणि पवन ऊर्जेबरोबर गंगा शुद्धीकरणाचे खाते होते. गंगा स्वच्छ व्हावी याबद्दल वाद नाही, पण ती स्वच्छ ऊर्जेत कशी बसते हे समजायला सरकारी दृष्टी लागते. हिशेब तपासनिसांनी रक्कम निधीत पूर्ण जात नसल्याबद्दल ताशेरे ओढले. केंद्राचा उपकर राज्यांसोबत वाटून घ्यायचा नसतो. त्यामुळे ज्यांच्या जमिनी खाणींत गेल्या आणि राख ज्यांच्या अंगणात पडली, त्या राज्यांच्या वाट्याला यातून हक्काचे असे काही आले नाही.

तरीही खरा घाव १ जुलै २०१७ चा. जीएसटी आणताना राज्यांना शब्द दिला होता: २०१५-१६ च्या महसुलावर दरसाल १४ टक्के वाढ धरून जी तूट येईल, ती पाच वर्षे केंद्र भरून देईल. त्यासाठी हक्काचे उत्पन्न हवे होते. तंबाखू, शीतपेये, महागड्या गाड्या यांच्या यादीत कोळसाही बसवण्यात आला. दर तोच, ४०० रुपये. फक्त तो आता भरपाई उपकर झाला. स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द झाला आणि निधीचा झराच आटला. कोळसा खरेदी करणाऱ्याला काहीच फरक पडला नाही, म्हणून ओरडही झाली नाही.

या बदलाच्या समर्थनात एक मुद्दा मांडला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. कर कोळसा महाग करतो, तेवढ्याने त्याचे काम होते; पैसा कुठे जातो हा वेगळा प्रश्न. पण भारतात ते तसे चालत नव्हते. वीज केंद्रांना करारांमुळे पूर्ण वसुलीची हमी होती, त्यामुळे किमतीचा चटका बसून कुणी कोळसा कमी जाळला असे फारसे झाले नाही. उपकराची खरी ताकद निधीत होती, आणि नेमका तोच गेला.

न्यायालयात हे जवळजवळ उघडच झाले. ज्या मालावर आधीच स्वच्छ ऊर्जा उपकर भरला होता, त्यावर पुन्हा भरपाई उपकर कशाला, अशी तक्रार घेऊन एक कोळसा व्यापारी गेला होता. निदान वजावट तरी द्या, असे त्याचे म्हणणे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. दोन्ही उपकरांची उद्दिष्टे वेगळी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, म्हणून वजावट नाही. व्यापारी हरला, पण कोळशावरचा हरित कर संपला आहे यावर शिक्का बसला.

पुढे कोविडमध्ये जीएसटीचे उत्पन्न कोसळले. राज्यांची भरपाई चुकती करण्यासाठी केंद्राने २०२०-२१ मध्ये १.१ लाख कोटी आणि २०२१-२२ मध्ये १.५९ लाख कोटी कर्ज काढले. ते फेडायला उपकराची मुदत जून २०२२ वरून मार्च २०२६ पर्यंत वाढवली. म्हणजे ग्लासगोत नेट झिरोची (२०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची) घोषणा झाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत कोळशावरचे चारशे रुपये कर्जफेडीला जात होते.

आता २०२५ चा बदल. सरकारची बाजू अशी की टनाला सरसकट ४०० रुपये हे हलक्या प्रतीच्या कोळशावर अन्यायाचे होते. ते खरे आहे. हजार रुपयांच्या कोळशालाही ४०० आणि तीन हजारांच्यालाही ४००. पण नवे गणित मांडून बघा. पूर्वी ५ टक्के अधिक ४००, आता १८ टक्के. टनाला ३,०७७ रुपयांच्या खाली किंमत असेल तर कर घटला, वर असेल तर वाढला. हजार रुपयांच्या कोळशावरचा कर ४५० वरून १८० झाला. म्हणजे सर्वांत मोठी सवलत सर्वांत जास्त राखेच्या कोळशाला. वीज थोडी स्वस्त होईल हे फायद्याचेच, पण कर ठरवताना कार्बनचे माप कुणी लावले नाही.

ते माप आता दुसरीकडे लागते आहे. २०१२ पासून मोठ्या कारखान्यांसाठी ऊर्जाबचतीची उद्दिष्टे आणि प्रमाणपत्रांची खरेदी-विक्री होती. डिसेंबर २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा बदलला, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट (उत्सर्जन कपातीची विकता येणारी प्रमाणपत्रे) योजनेची अधिसूचना निघाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा) आणि कागद उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना उत्सर्जन तीव्रतेची बंधनकारक उद्दिष्टे मिळाली. घाई अर्थातच युरोपच्या सीमा कराची, म्हणजे आयात मालाच्या उत्पादनात झालेल्या उत्सर्जनावर तिथे लागणाऱ्या आकाराची. १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू आहे आणि मायदेशात भरलेली कार्बनची किंमत त्यातून वजा होऊ शकते. राज्यांच्या भरपाईच्या नावाने घेतलेला उपकर त्या खात्यात मांडणे कठीणच होते. २०१२ च्या यादीत औष्णिक वीज केंद्रे होती. २०२५ च्या या पहिल्या यादीत ती नाहीत.