चरबीचीच तर गाठ!

जोराची उबळ येते, घशातून मांसाचा लांबट गोळा तोंडात येतो आणि माणूस तो पुन्हा गिळून टाकतो. ऐकून विश्वास बसणार नाही, पण घशाच्या तळाशी देठावर लोंबणाऱ्या गाठींच्या अशा हकिकती वैद्यकीय नोंदींत आहेत. या गाठी वरून गुळगुळीत, आतून मऊ असतात. त्यांना कित्येक वर्षे 'फायब्रोव्हॅस्क्युलर पॉलिप' असे निरुपद्रवी नाव होते. अलीकडे त्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याचशा लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या ऊतींचा कर्करोग निघाल्या.

स्वरयंत्राचे दहापैकी नऊहून अधिक कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होतात. अस्तर खडबडीत होते, जखम दिसते, रक्त येते. डॉक्टरांची नजर तेच शोधत असते. लायपोसार्कोमा मात्र अस्तराखाली वाढतो, वरचे अस्तर शाबूतच राहते. शिवाय त्याचे नेहमीचे ठिकाण मांडी किंवा पोटाची मागची बाजू. घशात तो इतका क्वचित आढळतो की चटकन कुणाच्या मनात येत नाही. दुखत तर सहसा नाहीच. घास अडकल्यासारखा वाटतो, आवाज दबतो, घोरणे वाढते, आडवे पडल्यावर श्वास कोंडतो. देठावरची गाठ सरकून श्वासमार्गावर बसली, तर मात्र जिवावर बेतते.

सीटी स्कॅनमध्ये चरबी काळसर दिसते, त्यामुळे गाठ चरबीची आहे हे लगेच कळते. खरी पंचाईत त्यानंतरच सुरू होते, कारण साधा लायपोमाही, म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठही, तशीच दिसते. एमआरआयमध्ये गाठीत जाड पडदे किंवा चरबी नसलेले घट्ट भाग दिसले, तर संशय बळावतो. बायोप्सीने प्रश्न सुटेल असे वाटते, पण चिमटीएवढा तुकडा नेमका गाठीच्या साळसूद भागातून आला, तर अहवालात 'लायपोमा' असेच येते. यात पॅथॉलॉजिस्टची चूक म्हणता येत नाही. या कर्करोगाच्या सर्वांत सौम्य प्रकारात बहुतेक पेशी खरोखरच नेहमीच्या चरबीसारख्या असतात. मोठ्या, गडद केंद्रकाच्या विचित्र पेशी पडद्यांच्या आसपास कुठेतरी विखुरलेल्या सापडतात.

अशा वेळी एमडीएम२ हे जनुक कामी येते. ते 12व्या गुणसूत्रावर असते. पेशीत बिघाड झाला की तिची वाढ थांबवणारे पी५३ नावाचे प्रथिन असते; त्याला आवर घालणे हे एमडीएम२चे काम. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, या कर्करोगात त्यांचा घोळकाच होतो आणि पहारेकऱ्याचे हातपाय बांधले जातात. 'फिश' या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीत त्या चमकणाऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. साध्या लायपोमात असा घोळका नसतो. माझ्या मते घशाच्या खोल भागातली चरबीची मोठी गाठ ही चाचणी न करता 'साधी' ठरवूच नये.

उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचा. गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह अख्खी काढायची. लहान किंवा देठाची असेल तर तोंडातून, दुर्बीण आणि लेझरने. मोठी असेल तर मान उघडून. संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची वेळ क्वचितच येते. सौम्य प्रकार लसिका ग्रंथींत सहसा पसरत नाही, म्हणून मानेतल्या ग्रंथी सरसकट काढत नाहीत. आक्रमक प्रकार असेल किंवा कडेला पेशी उरल्या असतील, तर रेडिएशनचा विचार होतो. केमोथेरपी बहुधा पसरलेल्या आजारासाठी राखून ठेवतात.

सौम्य प्रकार दूर पसरत नसला, तरी त्याच जागी परत उगवण्यात चिवट असतो, कधी कधी अनेक वर्षांनी. परतताना तो काही वेळा आक्रमक रूप घेऊन येतो, आणि मग पसरूही शकतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. 'लायपोमा परत आला' म्हणून आलेल्या रुग्णाच्या पहिल्या शस्त्रक्रियेतले, गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे जपलेले असतील, तर ते काढून नव्याने तपासता येतात. तेव्हा कधी कधी कळते, की ती गाठ पहिल्यापासूनच लायपोमा नव्हती.